मेंढरांमागं मोटर

अप्पा, तुमच्या मुलावर सरकारनं खटला भरला होता. चोरीचा नव्हे, मारामारीचाही नव्हे. मोटर नेमल्यापेक्षा जोरात हाकली म्हणून. काल बीदरच्या अदालतीत त्याचा निकाल लागला आणि अंगातलं वारं अजून उतरलेलं नाही. आज मोटर दुरुस्तीला उभी आहे, मी घरी आहे, आणि हे सगळं कुणाला तरी पहिल्यापासून, एकही गोष्ट न गाळता सांगावं असं झालं आहे. घरी सांगून झालं, बाजारात सांगून झालं, पण ऐकणारे मधेच हसतात आणि शेवट आधी विचारतात. म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. तुम्ही कधी शेवट आधी विचारला नाहीत. मेंढरू कसं चुकलं हे मी सांगायला लागलो की तुम्ही सगळं ऐकून घ्यायचात आणि मग काठी उचलायचात. ती मेंढरू शोधायला उचलली की माझ्यासाठी, हे शेवटपर्यंत कळायचं नाही.

आधी मोटर सांगतो, कारण तुम्ही पाहिलेल्या मोटरीत आणि हिच्यात फरक आहे. लढाईमुळं पेट्रोल चिठ्ठीवर मिळतं आणि चिठ्ठी आमच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून मालकानं मागच्या अंगाला छातीएवढी उंच लोखंडी टाकी बसवून घेतली आहे. तीत कोळसा पेटवायचा, हातपंखा फिरवून फुलवायचा, त्यातून जो गॅस निघतो तो नळीवाटे इंजिनात जातो आणि त्यावर मोटर चालते. लोक म्हणतात धुरावर चालते. धुरावर नव्हे, गॅसवर. धूर वेगळा, गॅस वेगळा, हे मी सांगून सांगून थकलो. सपाटीला ती बरी पळते. चढ आला की तिला दम लागतो, मग उतारू खाली उतरतात आणि ढकलतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. उलट ज्यानं एकदा ढकलली त्याचा तिच्यावर हक्क बसतो. हुमनाबाद, दुबलगुंडीचा फाटा, पुढं कमठाण्याच्या अंगानं बीदर, या सगळ्या वाटेवर तिला 'आपली मोटर' म्हणतात. मालकाचं नाव कुणी घेत नाही, आणि मालकाला त्याचा राग येतो. कलबुर्गीकडून येणारी एक निळी मोटर आहे, तिला कुठून तरी पेट्रोल मिळतं, आणि आमच्या उतारूंचं तिच्याशी वैर आहे. ती दिसली की म्हातारी माणसंसुद्धा खिडकीतून हात बाहेर काढून ओरडतात.

आता तो दिवस. बीदरचा बाजार करून आम्ही परत हुमनाबादला निघालो होतो. कमठाणा मागं पडल्यावर तो तांबड्या मुरमाचा लांब उतार लागतो, तुम्हाला तो माझ्याहून जास्त ठाऊक आहे. आता त्याच्या तोंडाशी पाटी लावली आहे, ताशी पंधरा मैलांच्या वर जाऊ नये म्हणून. पाटी उर्दूत आहे. मी ती स्वतः वाचतो, कुणाला विचारत नाही. मी उताराच्या तोंडाशी आलो आणि बघतो तर पुढं कळप. काकांचा, म्हणजे तुमच्या चुलतभावाचा. सगळा रस्ता भरून मेंढरं खाली निघालेली, आणि बहुतेक गाभण, हे त्यांच्या चालीवरून मला वरूनच कळलं. मी गॅस कमी केला, ब्रेकवर पाय ठेवला, भोंग्याला हात लावला नाही, आणि मेंढरांच्या मागं मागं मोटर खाली आणली. अर्ध्या उतारावर वळण आहे तिथं काकांनी कळप तळ्याकडं वळवला आणि पुढचा अर्धा उतार मी मोकळा उतरलो, तोही मर्यादेत. पायथ्याला चिंचेखाली पोलीस जमादार उभा. त्यानं हात आडवा केला. म्हणाला, "क्या मिया, आसमान से गिरे क्या? वरून धूळ बघायलाव आमी, धूळ! तूफान आल्यासारकी धूळ!"

अप्पा, ती धूळ मेंढरांची होती. तो तांबडा मुरूम, त्यावर एवढी खुरं. लांबून बघणाऱ्याला वादळच वाटणार. वळणाआडून कळप दिसत नाही, धूळ तेवढी दिसते. मी तिथंच सांगायला हवं होतं की बाबा, पुढं मेंढरं होती. पण मागं मोटर भरून उतारू, खिडक्यांतून सगळी डोकी बाहेर, आणि मी अंगात बटनांचा खाकी कोट घालून बसलेलो. मोटर मेंढरांच्या मागून चालत आली हे माझ्या तोंडून निघेना. उतारूंमधूनही कुणी बोललं नाही. त्यांनाही ते निघेना. आपली मोटर मेंढरांमागं, हे कलबुर्गीवाल्यांच्या कानावर गेलं तर? जमादारानं लिहून घेतलं आणि लायसन ताब्यात घेतलं; निकालापर्यंत त्याची पावती दाखवून मोटर हाकायची.

त्या लायसनवर आधीच एक लाल शेरा आहे. चालू मोटरीत दिवा विझला होता, त्याचा. दुसरा शेरा पडला की लायसन जप्त, असा नियम. दंड भरून सुटता आलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल, आणि गुन्हा कबूल म्हणजे शेरा. मालकाचा मेहुणा हुमनाबादच्या अड्ड्यावर माझ्या जागेकडं डोळा लावून बसलेलाच आहे. तो गिअर बदलतो तेव्हा मोटर आई आई करते. मला दुसरं काही येत नाही असं नाही, मेंढरं येतात. पण या वयात, मैलाच्या दगडांवरून आकडे आणि दुकानांच्या पाट्यांवरून अक्षरं शिकलेला माणूस, ज्यानं इंजिन तीनदा सगळं उकलून परत जोडलं आणि एक स्क्रूसुद्धा उरू दिला नाही, तो पुन्हा काठी घेऊन उभा राहील का? म्हणून मी ठरवलं, लढायचं. वकील नको, मीच बोलणार. आणि मेंढरांचं नाव काढायचं नाही.

तुम्ही म्हणाल, मेंढरांची एवढी लाज कामून? लाज नव्हे. नाही, लाजच. खरं सांगायला बसलो आहे तर शब्द बदलत नाही. मला तो दिवस आठवतो आहे, ह्याच उतारावरचा. मी तुमच्या कमरेएवढा. आपला कळप खाली चाललेला आणि मागून कुणा मोठ्या साहेबाची मोटर येते. मी जन्मात पाहिलेली पहिली. ड्रायव्हर भोंगा वाजवतो, शिव्या देतो, आणि तुम्ही वळून रस्त्याच्या मधोमध उभे राहता. काठी आडवी. ड्रायव्हर ओरडतो, "हट बुढ्ढे, साहेब बसलेत!" आणि तुम्ही आवाज न चढवता म्हणता, "बसू द्या की. घाई तुमची हाय, पोटं ह्यांची हैत." गाभण मेंढीला मागून दपटलं की ती पुढचीवर चढते आणि पोट टाकते, गाभ पडतो, हे तुम्ही मला आधीही सांगितलं होतं, त्या दिवशी साहेबालाही सांगितलं. उतार संपेपर्यंत ती मोटर आपल्या मागं चालत राहिली. तुम्हाला वाटलं असेल पोरगं बापाची छाती बघतंय. मी मोटर बघत होतो, अप्पा. तिच्या चाकाशेजारून चालत होतो. दिव्यावरची पितळी कडा, चाकांचे लाकडी आरे, बसलेल्या साहेबाच्या मांडीवरची टोपी, सगळं पोटभर बघून घेतलं. तुम्ही ती थांबवली नसती तर ती धूळ उडवून गेली असती आणि मी आज मेंढरंच राखत असतो.

पुढं मी मोटरीवर क्लीनर लागलो तेव्हा तुम्ही एक पावसाळाभर माझ्याशी बोलला नाहीत. मग एके दिवशी अड्ड्यावर आलात, काखेत घोंगडी, नवी, तुम्हीच कातरलेल्या लोकरीची. मला म्हणालात, "त्या लोखंडाच्या खुर्चीवर घाल. बूड पोळंल." आणि मोटरीकडं न बघता निघून गेलात. ती घोंगडी झिजून गेली, तिच्या जागी दुसरी आली, पण घोंगडीशिवाय मी त्या जागेवर कधी बसलो नाही.

तर तयारी. मी मोटर कायद्याचं उर्दू पुस्तक मिळवलं आणि वाचलं, प्रत्येक कलम. भाषण तयार केलं. सकाळी चुलीपाशी बसून म्हणायचो, तुमची सून भाकरी थापायची आणि ऐकायची. "जनाबे आली, अर्ज यह है" इथून सुरुवात. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अवो, मुन्सिफसायेब काय पलीकडच्या डोंगरावर बसलेत? वरडायलाव कामून येवढं?"

मी म्हणालो, "अदालतीत आवाज पोचला पाहिजे."

"आन् त्यात मेंढरं कुटं हैत?"

"मेंढरांचं काय काम?"

तिनं भाकरी उलटली. "खरं ते येकच वाक्य हाय. ते सोडून बाकी समदं पाठ करायलाव." मी रागानं उठून गेलो. कलमं मात्र सगळी पाठ झाली.

साक्षीदार दोन निवडले, त्या दिवशी माझ्या मागच्याच बाकावर बसलेले. एक डाळीचा व्यापारी, त्याला सगळे शेटजी म्हणतात. दुसरी तूप विकायला बीदरला जाणारी अक्का. दोघांना नीट समजावलं: एवढंच सांगा की मोटर हळू चालली होती. मेंढरं सांगू नका. दोघांनी माना हलवल्या. काकांना मी बोलावलंच नव्हतं. पण तेही घोंगडी खांद्यावर टाकून निघाले, म्हणाले, "मी येतोच. बोलत न्हाई, बगतो निस्तं." मी बजावलं की तोंडातून मेंढरू हा शब्द निघता कामा नये. त्यांनी तिथंच तोंडावर हात ठेवून दाखवला.

अदालत म्हणजे मोठी दगडी खोली, उंच छत. मुन्सिफसाहेबांच्या टेबलावर निळं कापड होतं. जमादार बाहेर सांगत होता हिरवं. ते चूक, निळंच. त्यावर माझं लायसन, तपकिरी पुठ्ठ्याचं. मुन्सिफसाहेब, म्हणजे न्याय देणारे, हैदराबादकडचे, पांढरी दाढी, थकलेले डोळे, आणि ऐकताना एक कान हातानं पुढं करण्याची सवय. शेजारी कागद वाचून दाखवणारा पेशकार. पहिल्यांदा जमादाराची साक्ष झाली. तो खोटं बोलला नाही, हे मला मान्य करायला हवं. धूळ पाहिली, तुफानासारखी पाहिली, असंच म्हणाला. मी उलट तपास घेतला. "जमादारसाहेब, तुम्ही मोटर पाहिली की धूळ?" तो म्हणाला, "धूळ. पर धूळ के अंदर मोटर होतीच ना, मिया." लोक हसले, पण पेशकारानं लिहून घेतलं. मला वाटलं, जमलं. मी कलम सांगितलं, त्याचं पोटकलम सांगितलं. मुन्सिफसाहेबांनी जांभई दिली, तरी मला वाटलं जमलं.

मग माझे साक्षीदार. शेटजी उभे राहिले. मी विचारलं, मोटर कशी चालली होती? शेटजी म्हणाले, "हळू." ठरल्याप्रमाणे, अगदी बरोबर. मग सरकारी वकील उठले. बीदरचेच, आमच्या लोकांना ओळखून असलेले. त्यांनी चष्मा पुसला आणि फार मायेनं म्हणाले, "शेटजी, खरंय तुमचं. ती मोटर हळूच चालणार. भंगारच ती. कलबुर्गीची निळी मोटर रोज तिला मागं टाकून जाते म्हणं?"

अप्पा, शेटजींची मान अशी वर आली! "कोण म्हन्तंय?"

"सगळे म्हणतात."

"समदे गेले खड्ड्यात! परवाच्याला त्या निळीच्या तोंडावर धूळ उडवून आलाव आमी. फाट्यापासून दिसली न्हाई ती परत!"

"आणि त्या दिवशी उतारावर?"

"उतारावर? उतारावर तर पाखरू मागं पडंल!"

मी डोळे मिटले. शेटजी शेतकऱ्याला डाळ विकताना एक दाणा जास्त पडू देत नाहीत, आणि इथं ओंजळीनं वाहायला लागले होते. तुम्हाला ठाऊक आहे हे कुठून येतं. जनावरांच्या बाजारात गावचा बैल उभा केला आणि परक्यानं त्याची चाल विचारली, तर गावचा माणूस कमी सांगत नाही. लंगडा असला तरी वारा म्हणतो. कमी सांगणं म्हणजे मालकाच्या तोंडावर थुंकणं. चार लोकांत विचारलं की वाढवूनच सांगायचं, ही आमची साक्ष. ते मी विसरलो होतो. कलमं पाठ केली आणि आपली माणसं विसरलो.

अक्का उभी राहिली. तिच्याकडून मला आशा होती. वकिलांनी तिला काही विचारायच्या आधीच ती सुरू झाली. "सायेब, त्यो शेटजी काय सांगतोय, त्यो झोपलेला. मी जागी हुते. उरलेल्या तुपाची घागर मांडीवर धरून बसले हुते. उताराला लागली अन् माजा पदर जो उडाला, त्यो मागल्या बाकड्यावरच्या मानसाच्या तोंडावर! घागरीतलं तूप घुसळून पुन्यांदा लोनी व्हायची येळ आली!" पेशकारानं तोंड सरळ ठेवून हे उर्दूत सांगितलं. मुन्सिफसाहेबांनी कानावरचा हात काढला आणि विचारलं, "लोणी?" अक्का म्हणाली, "व्हय, लोनी!" सगळी अदालत हसली. वकील खाली बसले; त्यांना आणखी काही विचारायची गरज उरली नव्हती.

आणि माझी अवस्था काय सांगू? समोर लायसन पडलेलं, दौतीतली लाल शाई पेशकारानं जवळ ओढलेली, आणि माझी छाती फुगत चाललेली. खरंच. माझी मोटर, मी कोळसा घालून, पंखा फिरवून चालवलेली मोटर, भर अदालतीत पाखराला मागं टाकत होती. थांबा म्हणून त्यांना खूण करायला माझा हात उठला नाही. दारात काका उभे होते, तोंडावर हात ठेवून. त्यांचे डोळे हसून हसून ओले झालेले.

मुन्सिफसाहेब म्हणाले, "ड्रायव्हर, तुम्हारे गवाहों ने तो तुमकु डुबा दिया. और कुछ बोलना है?"

भाषणाचा शेवट बाकी होता. "लिहाजा अर्ज है" पासूनचा. मी तोंड उघडलं आणि त्यातला एक शब्द आला नाही. समोर तो उतार, पुढं हलणाऱ्या पाठी, ओल्या लोकरीचा वास. लाल शाईत टाक बुडाला. मी म्हणालो, आणि मराठीतच म्हणालो, "हुजूर, मोटर मेंढरांच्या मागं होती."

शेटजींनी कपाळावर हात मारला. वकील उठले. "आता मेंढरं आठवली! इतका वेळ कलमं सांगत होतास. बरं, मेंढरं होती, तर भोंगा का नाही वाजवला? प्रत्येक ड्रायव्हर वाजवतो. मेंढरं बाजूला होतात, मोटर निघून जाते."

"गाभण होती, साहेब. मागून भोंगा वाजवला की एकमेकींवर चढतात. पोट टाकतात."

"तुला वरून बघून कळलं, गाभण आहेत ते?"

"चालीवरून कळतं."

मुन्सिफसाहेब पुढं वाकले. मराठी त्यांना कळत होती, एवढा वेळ आम्हालाच ते ठाऊक नव्हतं. "ये किसने सिखाया तुमकु?"

"माझ्या बापानं, हुजूर. मेंढरं राखायचे. ह्याच रस्त्यावर."

अप्पा, बटनांचा कोट घालून, सगळ्या बीदरसमोर, हे बोललो. बोलताना आवाज वरडल्यासारखा झाला नाही. तुमची सून म्हणते तसा साधा निघाला. कुणी हसलं नाही. मुन्सिफसाहेबांनी विचारलं, त्या मेंढरांचा कुणी मालक आहे का? माझ्या तोंडून काही निघायच्या आत दारातून आवाज आला, "हाय की! मीच हाव! किती येळ झाला तोंडावर हात धरून उभा हाव, सायेब, दम कोंडला माजा!"

काकांना आत आणलं. चपराशानं काठी काढून घेतली, तसे ते हात कुठं ठेवावे ते न कळून घोंगडीला धरून उभे राहिले. मुन्सिफसाहेबांनी विचारलं, मोटर किती वेगानं होती? काका म्हणाले, "मेंढरू चालतंय तशी. गाभण मेंढरू. त्याच्याबी मागं." मेंढरं खाली जमादाराला का दिसली नाहीत? "वळनावर तळ्याकडं वळीवली की मी. पान्याला." मुन्सिफसाहेबांनी जमादाराकडं पाहिलं. जमादार विचारात पडला. शेवटी पगडी सारखी करून म्हणाला, "हुजूर, अब याद आया. बें बें की आवाज आई थी. मैं समझा, मोटर का ही कुछ बिगड गया." तुम्ही असता तर त्या माणसाला मिठी मारली असती. मी मारणारच होतो, पण कठडा मधे होता.

"और शेटजी," मुन्सिफसाहेब वळले, "ये पाखरू?"

शेटजी खाली बघत म्हणाले, "सायेब, मोटर आपली हाय. चार लोकांत इचारल्यावर कमी कामून सांगावं?"

"और अक्का, लोणी?"

"माजं तूप हुतं, म्या सांगितलं," अक्का म्हणाली, आणि तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला.

मुन्सिफसाहेब हसले. हसताना दाढी हलली, आवाज आला नाही. मग त्यांनी पेशकाराला सांगितलं आणि पेशकारानं मोठ्यानं वाचलं: आरोप शाबीत होत नाही, धूळ मेंढरांची होती, मोटर मेंढरांच्या चालीनं उतारावरून येत होती, लायसन परत करावं, शेरा मारू नये. लायसन हातात आलं तेव्हा मी ते दोन्ही बाजूंनी उघडून बघितलं. जुना शेरा तेवढा होता, नवा नव्हता. लाल शाईचा एक थेंब मात्र कोपऱ्यावर पडलेला, तो पेशकाराच्या घाईचा. मी तो दाखवून दिला. पेशकार म्हणाला, "जा बाबा, जा आता."

बाहेर पायऱ्यांवर काय गोंधळ! अक्कानं माझ्या तोंडात गूळ कोंबला, पदरात कधी बांधून आणला होता कोण जाणे. शेटजी रुसलेले. "जिंकलाव खरं," म्हणाले, "पण सरकारी कागदावर आपली मोटर मेंढरांच्या चालीची झाली की रे. कलबुर्गीवाल्यांनी नक्कल काढली तर?"

काका म्हणाले, "काढू दे! माज्या मेंढरांच्या मागं मोटर, सरकारी शिक्क्यानं! सोयऱ्यांत दाखवीन मी." त्यांनी काठी परत घेतली आणि पायऱ्या उतरताना ती उगाचच एकदा आडवी धरली.

परतीची मोटर मीच नेणार होतो. ती भरली तशी कधी भरली नव्हती. निकाल ऐकायला आलेले, न आलेले, सगळे चढले. माझ्या शेजारच्या पुढच्या जागेवर कोण येऊन बसावं? जमादार. त्याला त्याच्या चिंचेखाली परत जायचं होतं आणि दुसरी मोटर नव्हती. शेटजी मागून म्हणाले, "जमादारसायेब, चढाला ढकलावं लागंल बरं का." तो म्हणाला, "ढकलूंगा. मेरा भी हक बैठेगा तुम्हारी मोटर पे." आणि खरंच, मधल्या चढाला पगडी काकांच्या हाती देऊन त्यानं सगळ्यांबरोबर खांदा लावला.

मग तो उतार आला. मोटर वरच्या तोंडाशी थांबल्यासारखी झाली आणि मागचा सगळा गलका बंद पडला. पाटी जागेवर. खाली वळणापर्यंत रस्ता मोकळा, ऊन पडलेला, तांबडा. मी ब्रेकवर पाय ठेवलेला. मग अक्का हळूच मला म्हणाली, "अण्णा, आज मेंढरं न्हाईत वाटतं." शेटजी खोकले. जमादारानं एकदा पाटीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, मग पगडी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि तोंड फिरवून पलीकडच्या शेताकडं बघायला लागला. म्हणाला, "तूर अच्छी आई है इस साल."

घरी आलो तेव्हा तुमच्या सुनेनं विचारलं, "हळूच आलाव न्हवं?" मी व्हय म्हणालो. त्यामुळं हे पत्र तिला वाचून दाखवता येणार नाही, आणि तुम्ही गेलात तिथं टपाल जात नाही; जात असतं तरी बीदरच्या टपालातला एकेक माणूस पेशकाराच्या ओळखीचा. घडी घालून ते माझ्याजवळच ठेवतो. पण तुम्हाला सांगतो, अप्पा. पुढं कळप असता तर मी थांबलो असतो, कितीही वेळ, ते खरं आहे. कळप नव्हता. आणि तो नसावा, असं उताराच्या आधी मैलभरापासून मला वाटत होतं, तेही खरं आहे.